अनुभव : हौदातले डास आणि आपली गल्ली

हौदाकाठची (भवानी पेठ)
काल डासांच्या अळ्या तपासायला दारावर आलेल्या आशाताईंनी (आरोग्य खात्याच्या आशा सेविका) हौदात बॅटरी मारली आणि म्हणाल्या, "काकू, झाकण ठेवलंय, पण बसलेलं नाही." ते ऐकून मला 2006 सालचे आमचे घर आठवले. त्या वर्षी चिकुनगुनियाने घरातील पाच जण एकाच आठवड्यात आडवे झाले होते. जन्मभर मागावर उभे राहिलेले सासरे भिंत धरून मोरीपर्यंत जात आणि सासूबाईंना विड्यांचे तेंदूपान कापायला कात्री मिटवता येत नसे. ताप चार दिवसांत उतरला; सांधे मात्र दिवाळी उलटली तरी सुटले नव्हते. आम्ही सारा दोष गटाराला दिला आणि धूर मारून घेऊन निर्धास्त झालो. प्रत्यक्षात डास आमच्याच हौदातील स्वच्छ पाण्यात वाढत होते. आपल्याकडे सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड सुटत असल्यामुळे हौद तळापर्यंत कोणी उपसत नाही, उरलेल्या पाण्यावरच नवे पाणी चढते. डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि पाणी वर चढले की ती बुडून फुटतात; म्हणजे नळाला पाणी आल्याचा आनंद आपल्याइतकाच तिलाही होत असणार. आपापल्या घरचे, गल्लीचे अनुभव जरूर लिहावेत.

मागवाला
काकू, आमच्याकडे हौद नव्हे, कूलर निघाला. मे महिना सरल्यावर तो गच्चीवर नेऊन ठेवला होता. टाकी खडखडीत कोरडी होती, म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नाही. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात, हे पहिल्या पावसानंतर टाकीत वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्यावर कळले. टाकी नुसती ओतून भागत नाही, काथ्याने कडा घासाव्या लागतात.

जुळे सोलापूरची मावशी
माझ्या भाच्याला दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला. दुसऱ्याच दिवशी डेंग्यूची एनएस-1 रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सगळे गूळ-खोबरे वाटण्याच्या बेतात होतो. त्याच रात्री त्याचे पोट दुखू लागले, उलट्या थांबेनात आणि हातपाय गार पडले. डॉक्टरांनी तेव्हा समजावले की डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरत असतानाच्या एक-दोन दिवसांत असतो, कारण रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर झिरपतो. शेजारून आलेला पपईच्या पानांचा रस आम्ही भक्तिभावाने पाजला होता, त्याने उलट्या वाढल्याच. अंगदुखीसाठी घरातली ॲस्पिरिन देणार होते, ती दिली नाही एवढे एक शहाणपण घडले.

बार्शीकर
2006 आधी चिकुनगुनिया कोणी ऐकलाच नव्हता, असे सोलापुरात म्हटले की मला हसू येते. आमच्या बार्शीत 1973 साली त्याची मोठी साथ येऊन गेली होती, आणि नंतर तो जवळजवळ तीन दशके दिसेनासा झाला, म्हणून लोक विसरले. आजी त्या साथीचे वर्णन करताना नेहमी कमरेत वाकून दाखवत असे. या रोगाचे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले असून त्याचा अर्थच वाकणे असा आहे, हे मला फार पुढे वाचायला मिळाले.

गप्पीप्रेमी
हिवताप विभागाकडून अळ्या खाणारे सहा गप्पी मासे आणून वापराच्या टाकीत सोडले. पिण्याच्या पाण्यात मासे सोडायला आईने साफ नकार दिला. मुलीने सहांनाही नावे ठेवली. पुढच्या पाण्याच्या पाळीला मी उत्साहाने ब्लीचिंग पावडर टाकून टाकी धुतली आणि मासे आधी काढून ठेवायचे विसरलो. मुलगी अजून बोलत नाही.

मागवाला
दादा, नव्या माशांची नावे तरी आता तुम्हीच ठेवा.

साखर पेठ
धुराचे मशीन गल्लीत आले की आमच्याकडे सगळे धडाधड खिडक्या लावून घेतात, आणि एडिस तर पलंगाखाली, कपड्यांच्या मागे घरातच बसलेला असतो. शिवाय धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीच होत नाही. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे माझ्या तान्ह्या नातवाला मी दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणीत घालते. सून रात्रीचीच काळजी करते.

हौदाकाठची (भवानी पेठ)
मावशी, भाचा आता बरा आहे ना? अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून मी आठवड्यातून एकदा, पाण्याची पाळी येण्याच्या आदल्या रात्री हौद उपसते आणि राहिलेले पाणी झाडांना घालते. झाकणाखाली सासऱ्यांचे जुने धोतर ताणून बांधले आहे, फट राहत नाही. उद्या पहाटे पाणी सुटायचे आहे, तेव्हा बाकीचे अनुभव हौद घासून झाल्यावर वाचते.