मदत हवी आहे: कुत्री पकडणाऱ्या पथकाला रेबीजची आगाऊ लस (सातारा)

नसबंदी मोहिमेचं नऊ जणांचं पथक आहे. ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी दंडावर त्वचेत ०.१ मिली, इन्सुलिनच्या सिरिंजने द्यायचं ठरलंय. एका कुपीतून अनेकांचे डोस निघतात, पण फोडलेली कुपी २ ते ८ अंशांवर ठेवून ६-८ तासांत संपवावी लागते, त्यामुळे सगळे एकाच दिवशी हवेत (इथेच घोडं अडतं!). संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा आला नाही तर लस खोल गेली. तो डोस शेजारी पुन्हा द्यावा लागतो. एक जण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (मलेरिया, संधिवातावरचं औषध) घेतो. त्याने त्वचेतल्या लशीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून त्याला पूर्ण कुपी स्नायूत.

त्वचेत टोचायचा हात बसलेली नर्स साताऱ्यात कुणाच्या माहितीत आहे का? आणि लशीनंतर रक्तातल्या अँटिबॉडी ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलीच्या वर, म्हणजे पुरेशा आहेत का, हे तपासायला बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेला कोणी नमुने पाठवलेत का? वाटेत थंड कसे ठेवलेत?