मदत हवी आहे: ग्रेडिंगसाठी प्रूफ संचाची मूळ पेटी उघडावी का?

सर्व जाणकार संग्राहकांना नमस्कार.

मी कोल्हापूरचा. माझ्या दिवंगत काकांनी जपलेले मुंबई टांकसाळीचे काही प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास घडवलेल्या, आरशासारख्या चकचकीत नाण्यांचे संच) आता माझ्याकडे आले आहेत. त्यांपैकी १९६९ चा गांधी जन्मशताब्दीचा आणि १९८२ चा नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचा, असे दोन संच एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्यांचे ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे ती तपासून दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थांपैकी एकीकडून तपासून घ्यावेत असा विचार आहे. विकायचे मुळीच नाहीत. नाणी अस्सल आहेत आणि कोणत्या स्थितीत आहेत याची नोंद व्हावी, म्हणजे पुढच्या पिढीत कोणी ती मोडीत घालणार नाही, एवढाच हेतू आहे.

माझी खरी अडचण गांधी संचाची आहे. त्यात १५ ग्रॅम वजनाचे, ८० टक्के चांदीचे दहा रुपयांचे नाणे आहे. रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे, वीस आणि दहा पैसे पिवळ्या मिश्रधातूंचे आणि त्यांहून लहान नाणी अ‍ॅल्युमिनियमची आहेत. प्रूफ नाण्यांवरचे ‘बी’ हे टांकसाळचिन्ह स्पष्ट दिसते. ग्रेडिंगमध्ये प्रत्येक नाणे बाहेर काढून सत्तर गुणांच्या मापावर तपासतात आणि वेगवेगळ्या स्लॅबमध्ये (प्लास्टिकच्या सीलबंद कवचात) बंद करतात. तसे झाले, की ही सारी नाणी एकाच पेटीतून आली होती हा पुरावा कायमचा जातो, आणि माझ्या दृष्टीने संचाचे निम्मे मोल त्या एकत्र असण्यातच आहे. अनेक नाणी एकत्र बसवणारे स्लॅबही मिळतात. भारतीय संचासाठी ते कोणी घेतले आहेत का? रिकामी पेटी सोबत पाठवावी, की घरीच ठेवावी?

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा आहे. आमच्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेत चांदीच्या नाण्याच्या कडेला तांबूस-निळसर झाक आली आहे. गुजरीतील (इथल्या सराफ बाजारातील) एका कारागिरांनी आपुलकीने पॉलिश करून देण्याची तयारी दाखवली, परंतु मी नम्रपणे नकार दिला; कारण प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर घासल्याचे बारीक ओरखडे उमटले, तर गुण न देता केवळ ‘डिटेल्स’ (नाणे अस्सल, पण पृष्ठभाग बिघडलेला) असा शेरा मारतात. ती झाक नैसर्गिक असल्याने तशीच राहू द्यावी, असे माझे ठाम मत आहे. वीस पैशांवरील चिकट हिरवट ठिपक्याची मात्र काळजी वाटते. तो पेटीतील पीव्हीसी प्लास्टिकमुळे आला असेल, तर धातूला खात जाईल. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये नाणे न चोळता बुडवावे, की हे काम संस्थेच्या संवर्धन विभागावर सोपवावे?

काकांच्या संग्रहात काही शिवराई (मराठेशाहीतील तांब्याची) नाणीही आहेत. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून ती इथेच राहतील. वरील दोन संचांना ही अडचण नाही. पण तपासून परत येताना त्यांच्यावर आयात शुल्क लागू नये, यासाठी पाठवतानाच सीमाशुल्काची कोणती कागदपत्रे करून घ्यावीत? की भारतातील प्रतिनिधीमार्फत पाठवणेच सोयीचे? कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव भागातील कोणी अलीकडे नाणी पाठवली असल्यास विमा आणि बांधणीबद्दलही कृपया सविस्तर लिहावे. दोन्ही बाजूंची छायाचित्रे हवी असल्यास पेटी न उघडता काढून येथे देईन.