ईएल३४ च्या चार नव्या ट्यूब घ्यायच्या आहेत, बजेट बारा हजार

इंदिरानगरकर
मंडळी, घरी जुना स्टीरिओ ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) आहे. चॅनलला दोन, म्हणजे चार ईएल३४, स्पीकरला ताकद देणाऱ्या मोठ्या ट्यूब. आतल्या ट्यूब किती जुन्या, देव जाणे. हल्ली डावीकडचा आवाज दबलेला येतो आणि बासरी लागली की खरखर होते. चारही बदलाव्यात म्हणतोय. बजेट कस्टम-कुरिअर धरून बारा हजार. एमजी रोडला विचारून आलो, तिथे कोणाकडे नाहीत. एक मित्र म्हणतो घ्यायच्या तर मुलार्ड या ब्रिटिश कंपनीच्या जुन्याच. काय करू?

ओझरचे आप्पा
आधी खिशातला हात खिशातच राहू द्या. अ‍ॅम्प बंद करा, व्हॉल्व्ह (म्हणजे तुमच्या ट्यूब) गार होऊ द्या आणि डावी जोडी उजवीकडे, उजवी डावीकडे लावा. खरखर उजवीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. डावीकडेच राहिली तर सॉकेट, पुढची छोटी व्हॉल्व्ह नाहीतर त्या दोघींमधला कपलिंग कपॅसिटर बघा. कपॅसिटर गळका असेल तर ग्रिडवर (करंटला आवर घालणाऱ्या आतल्या जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, करंट वाढतो आणि नव्या व्हॉल्व्हच्या प्लेटीही (आतले धातूचे पत्रे) लाल होतात. बारा हजार पाण्यात.

मुलार्डचं म्हणाल तर ब्लॅकबर्नच्या कारखान्यातली खरी जोडी या बजेटमध्ये बसायची नाही. आज नवी म्हणून जी ‘मुलार्ड’ मिळते ती रशियात सारातोवला बनते. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स आणि टंग-सोलही तिथलेच. व्हॉल्व्ह वाईट नाहीत, पण नावाचे जादा पैसे कशाला मोजायचे?

माझं मत: स्लोव्हाकियाच्या जेजेच्या साध्या ईएल३४, चारही मॅच केलेल्या, म्हणजे सारखाच करंट घेणाऱ्या. त्यांचीच ई३४एल नावाची वेगळी व्हॉल्व्ह आहे. तिला जास्त निगेटिव्ह बायस (करंट ठरवणारं ग्रिडवरचं व्होल्टेज) लागतो, तुमच्या अ‍ॅम्पचं बायसचं पोट (ते कमीजास्त करायचा पोटेन्शिओमीटर) तिथवर पोचेलच असं नाही. ऑर्डर देताना नाव नीट वाचा.

पंचवटीकर
मी जेजेच वापरतेय, तक्रार नाही. बास हवा असेल तर केटी८८ ही दुसरी मोठी ट्यूब चालेल का हो आप्पा?

ओझरचे आप्पा
नको ताई. ईएल३४ चा हीटर (आतली तापणारी तार) दीड अँपिअर घेतो, केटी८८ चा १.६. फरक थोडका वाटतो, पण चार व्हॉल्व्हचा मिळून ट्रान्सफॉर्मरवर पडतो, शिवाय बायस नव्याने बसवावा लागतो. अ‍ॅम्प ज्यासाठी बांधलाय तेच लावावं.

इंदिरानगरकर
आप्पा, अदलाबदल केली. खरखर उजवीकडे गेली! म्हणजे ट्यूबच. बायसची पोटं चार आहेत, प्रत्येक ट्यूबला एक ओहमचा रेझिस्टर दिसतो.

ओझरचे आप्पा
झकास, मग फिक्स्ड बायस आहे, म्हणजे तो हाताने लावायचा. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट सोसते, तिच्या ७० टक्क्यांवर थांबायचं, म्हणजे साडेसतरा. प्लेटवर ४३० व्होल्ट असतील तर करंट ४० मिलिअँपिअर, म्हणजे त्या रेझिस्टरवर मीटर ४० मिलिव्होल्ट दाखवेल. प्लेटचं व्होल्टेज मोजायची सवय नसेल तर जाणत्याला बोलवा. अ‍ॅम्प बंद केला तरी कपॅसिटर भरलेले राहतात, झटका जीवघेणा असतो.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. अ‍ॅम्प जुना म्हणताय तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप बघा, म्हणजे तो किती व्होल्टच्या लाइटसाठी जोडलाय ते. २२० वर असेल आणि रात्री लाइट २४५ वर गेली, तर हीटरला ६.३ ऐवजी सात व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह दहा टक्क्यांपर्यंत सोसते, हे त्याच्याही पुढे गेलं. २४० चा टॅप असेल तर तो जोडून घ्या.

इंदिरानगरकर
टॅप २२० वरच आहे! आधी तो बदलून घेतो, मग जेजेची ऑर्डर. नव्या लावताना काय बघू?

ओझरचे आप्पा
स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका. बायसची पोटं आधी सर्वांत कमी करंटवर न्या, मग हळूहळू चढवा. पहिला तासभर खोलीत अंधार करून समोर बसा. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते. प्लेट लाल दिसली की तिथल्या तिथे स्विच बंद.

पंचवटीकर
आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. एखादीच्या काचेतला आरशासारखा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, लावूच नका, परत पाठवा.