उन्हाळ्यात कानावर पडलेलं गाणं (लिहा, पाणी यायच्या आत)

गच्चीवरची :
जिन्याखालचा जुना पत्र्याचा कूलर आज बाहेर काढला. टाकी घासली, गंज खरवडला, नवा वाळा भरला. टिल्लू पंप दोन वर्षं पडून होता तरी चालला. बटण दाबलं, घरभर घूंऽऽ सुरू झालं आणि मी ओल्या हातांनी तिथंच फरशीवर बसले.

बाबा म्हणायचे, आपला कूलर पेटीवरच्या काळी एकचा सा देतो. शाळेतून रिटायर झाल्यावर दुपारी जेवणं उरकली की दारं-खिडक्या लावून ते कूलरसमोर चटईवर आडवे व्हायचे आणि त्या घूंवर सारंग गुणगुणायचे. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर लागले की म्हणायचे, "उतरला बघ, पांढरी एकवर आला." तानपुरा घरात कधी नव्हताच. आईचं म्हणणं, तानपुऱ्याला निदान दिवसाला चार बादल्या पाणी लागत नाही.

तर 2011 चा उन्हाळा. शहर तेव्हा औरंगाबाद (नावावरून इथं सुरू होऊ नका, हात जोडते). सिडकोत वरचा मजला, स्लॅब रात्री एकपर्यंत तव्यासारखा. आपल्याकडचे मोठे महोत्सव सगळे गारव्यातले. वेरूळचा घ्या, नांदेडचा शंकर दरबार घ्या, अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण समारोह घ्या. उन्हाळ्यात कोण मांडव घालतंय? पण घरात झोप येत नाही म्हणून आम्ही बापलेक कुठं काही वाजत असेल तिकडं स्कूटी वळवायला लागलो.

25 मार्चला नाथषष्ठी, पैठणला मात्र एसटीनं गेलो. रात्री दोनला गोदेच्या वाळवंटात भारूड. एक मिशीवाले आजोबा नऊवारी नेसून सून झाले होते. सासूला टोमणा मारता मारता त्यांचा पदर शेजारच्याच्या टाळात अडकला. ते हसले, टाळकरी हसले, मृदंगवाला हसला, आणि पुढची ओळ कुणालाच आठवेना. मग सासूनंच आठवून दिली. 4 एप्रिलला पाडवा पहाट, दोनच दिवस आधी वर्ल्डकप जिंकलेला, त्यामुळं निवेदकाचा घसा पार बसलेला. 12 ला रामनवमीचं कीर्तन, 13 च्या रात्री भडकल गेट, 17 च्या रात्री चालत भद्रा मारुती. पुढं मे महिनाभर दुसऱ्यांच्या लग्नांतले गोंधळ, आमंत्रण नसताना, रस्त्याच्या कडेला उभं राहून.

बाबांची त्या वर्षीची डायरी आहे माझ्याकडं. शेवटी हिशेब : रात्री 19. रस 31 ग्लास. कुल्फी 8. पंक्चर 2.

आता तुम्ही लिहा. तिकीट काढून ऐकलेलं नको.

जालन्याचा_केसर :
पयला मी. रसवंतीचे घुंगरू धरता का गाण्यात? धरत असाल तर मी पंधरा वर्षांचा रियाज केलेला माणूस आहे. आमच्या काकाची रसवंती होती, चरक फिरला की घुंगरू वाजायचे आणि मी गिऱ्हाईकाला आलं-लिंबू विचारायचो. रात्री झोपेतही विचारायचो म्हणे.

वाळवण_विशेष :
@गच्चीवरची अगं भडकल गेट एका शब्दात उरकलंस. नीट लिही. मी कुरडयांचा चीक शिजतोय तोवर आहे.

परभणीकर :
आमचा उन्हाळा उरुसापासून सुरू होतो. तुराबुल हक साहेबांचा उरूस, 2 ते 15 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी स्वेटर घालून जायचं, शेवटच्या दिवशी बर्फाचा गोळा खायचा. एका बाजूनं कव्वाली अन दुसऱ्या बाजूनं मौत का कुआंमधली मोटारसायकल. कव्वालानं वरचा सूर लावला की इकडं गाडीवाला रेस द्यायचा. मला अजून कव्वाली ऐकली की पेट्रोलचा वास येतो.

जालन्याचा_केसर :
आला का, जगात जर्मनी.

परभणीकर :
भारतात परभणी. पुढचं तुम्हाला पाठ आहे म्हणून विचारलं नाही.

पुण्यात_अडकलेला :
इथं गाणं डिसेंबरात ऐकतात. सवाईला. शाल, थर्मास, भारतीय बैठकीवर आधी जाऊन अंथरलेली सतरंजी. मागं एकदा मी एका काकूंच्या सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकलो तर त्यांनी मान न वळवता कोपरा ओढून घेतला. तेव्हा आमच्या बीडची गच्ची आठवली. ओळीनं गाद्या, कुणीही कुणाच्या गादीवर, शेजारच्या गच्चीवर ट्रान्झिस्टर. त्यांच्याकडं सेल नसला की आम्ही सेल द्यायचो, कारण ऐकणार आम्हीच. आता ही सोय कुठल्या सोसायटीत आहे सांगा. रात्री दहानंतर गच्चीला कुलूप.

वाळवण_विशेष :
सेल दातानं चावून पुन्हा चालवायचे ते आठवतं का

पुण्यात_अडकलेला :
उन्हात ठेवायचे हो. चावायचे लोक वेगळे, ते पुढं दाढेच्या डॉक्टरकडं दिसले.

तीस_नंबर_टोकन :
लातूर. 2016.
मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तो दिवस 12 एप्रिल. 10 वॅगन, 5 लाख लिटर. टीव्हीवाले सगळे स्टेशनवर. आमच्या गल्लीत त्या रात्री टँकर यायचा होता दीडला. रांग संध्याकाळीच लागली, माणसांची नाही, घागरींची. देवळातला सप्ताह त्या साली आटोपता घेतला होता, म्हणून भजनी मंडळाच्या बायका रांगेतच बसल्या. पालथ्या घागरीवर आमच्या मावशीनं ठेका धरला. प्लास्टिकची घागर, आवाज डब्ब डब्ब. पण लय सोडली नाही. मी तीस नंबरवर होतो, आपल्या घागरीजवळ बसून ऐकायलो.
टँकरचा लाईट वळणावर दिसला अन भजन अर्ध्यात टाकून सगळ्या पळाल्या. मावशीनं मात्र पाईप हातात धरून शेवटचं कडवं पुरं केलं. अर्धी घागर भरली तवा "तुका म्हणे" आलं.
रेकॉर्डिंग केलं होतं. तो मोबाईल नंतर बादलीत पडला. पाण्याच्या बादलीत, त्या वर्षी, बघा.

गच्चीवरची :
@तीस_नंबर_टोकन 🙏

वाळवण_विशेष :
मावशी कशा आहेत

तीस_नंबर_टोकन :
मस्त. आता बोअरला पाणी आहे तर भजनाला वेळ नाही म्हणतात, सिरियल बघायल्या.

नांदेडची_नर्मदा :
मी नीटची तयारी करायचे, हॉस्टेल. पंखा गरम हवाच फिरवायचा. पहाटे सचखंड गुरुद्वाऱ्यात जाऊन परिक्रमेत बसायचे, फरशी थंडगार असते. कीर्तन चालू. गुरमुखी कळायची नाही, पण बायॉलॉजी तरी कुठं कळत होती. गोदावरीचं पाणी गागरीत घेऊन येणारे सिंघ दिसायचे, रोज आणतात, उन्हाळा असो की पूर. मग लंगर. मेसच्या वरणानंतर ती डाळ म्हणजे... जाऊ द्या. नीट काही नीट झाली नाही, फिजिओथेरपी केली. पहाटे साडेतीनला जाग येते अजून.

डब्बा_गुल :
वाळा कुठं मिळाला ताई? आमच्याकडं सगळे ते मधाच्या पोळ्यासारखे पुठ्ठे द्यायलेत.

गच्चीवरची :
शहागंजात. भाव करा, पहिला आकडा ऐकून घाबरू नका.

आता भडकल गेट. रात्री बाराला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. फटाके, निळे झेंडे, कडेवरची झोपलेली पोरं. आम्ही जरा लांब, एका गायन पार्टीच्या टेम्पोपाशी थांबलो. बाबा तसे रागदारीवाले, मला वाटलं दहा मिनिटांत चल म्हणतील. ते दीड तास ढोलकीवाल्याचे हात बघत उभे. मधे पार्टी चहाला थांबली तेव्हा जाऊन विचारलंच, ढोलकी एवढी चढी का लावली. तो म्हणाला, "मी नाही लावली काका, उन्हानं लावली. उन्हाळ्यात कातडं ओढतं अन ढोलकी ओरडते, पावसाळ्यात झोपून जाते. गाणारालाच वर यावं लागतं मग." त्याच्या मांडीवर ओलं फडकं होतं, मधून मधून हात पुसायचा. घरी येईपर्यंत बाबा स्कूटीवर मागं बसून माझ्या पाठीवर तोच ठेका वाजवत होते.

हलगी_हलगी :
बरोबर बोलला तो. आमच्याकडं थंडीत हलगी जाळावर शेकतात वाजवायच्या आधी. मे महिन्यात लग्नाला गेलं तर नुसती उन्हात उभी करायची, जाळ कशाला. एकदा विसरून दुपारभर ठेवली तर फाटली. नवरदेव वेशीत, हलगी फाटकी. डबा वाजवत नेला शेवटी. संसार चांगला चालू आहे त्यांचा.

घाटातला_चपलावाला :
भद्रा मारुतीला मीपण दरवर्षी. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री निघायचं, सगळा रस्ता माणसांनी भरलेला. नगरनाक्यापर्यंत सगळे गाणी म्हणतात, दौलताबादपर्यंत निम्मे, चढ लागला की फक्त चपला वाजतात. जागोजागी पाणी, चहा, ताक. मी एका साली टरबुजाच्या फोडी इतक्या खाल्ल्या की

घाटातला_चपलावाला :
अर्धंच गेलं. असो. खुलताबादला पोचलो, झोपलेल्या मारुतीचं दर्शन घ्यायची रांग बघितली, आणि रांगेबाहेर मी पण झोपलो.

पुण्यात_अडकलेला :
टरबूज! किती दिवसांनी. इथं कलिंगड म्हटलं नाही तर भाजीवाला बघत राहतो.

जालन्याचा_केसर :
कलिंगड म्हंजे काहीतरी औषध वाटतं.

डब्बा_गुल :
😂😂 तुम्ही जालन्यात काय बोलता पण, "करू राहिलो, जाऊ राहिलो". राहिला कुठं?

जालन्याचा_केसर :
तुमचं "करायलाव, जायलाव" ऐकून आमच्या म्हशी दूध द्यायच्या थांबू राहिल्या.

वाळवण_विशेष :
बास करा दोघं. माझं लिहिते. चीक खाऊन झाला (गरम चीक, वर कच्चं तेल, तिखट. ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी वाईट वाटतं). आमच्याकडं गच्चीवर कुरडया घातल्या की भावाला कावळे हाकायला बसवायचे. तो ओरडायचा नाही, गायचा. बेसूर, जीव तोडून. आजी म्हणायची, कावळे कुरडयांना नाही, याला घाबरतात. तिच्या स्वतःच्या ओव्या शेवया करताना, खालच्या सुरात. माहेरची तिची सगळी माणसं मी त्या ओव्यांतून ओळखते, एकालाही पाहिलेलं नाही. भाऊ आता बँकेत आहे. परवा फोनवर म्हणाला, इकडं कावळेच नाहीत गं.

मारवा_माणूस :
गायक नाथराव नेरळकरांची मैफल ज्यांनी समोर बसून ऐकली त्यांनी हात वर करा. 2021 च्या मार्चमध्ये गेले ते, तेव्हापासून विचारायचं होतं.

परभणीकर :
वर. दोन्ही.

गच्चीवरची :
बाबांचा वर.

वायरमन_बी_ई :
मी गाण्यातला नाही. एक शंका. काळी एक कशी येईल? आपली वीज 50 सायकलची, मोटारीची घरघर 100 हर्ट्झची असते. पेटीवर ते पांढरी पाचच्या जरा वर बसतं. सगळ्या देशात तेच. काकांचा कान चुकला असावा, राग मानू नका. आणि पत्र्याचा कूलर आहे तर अर्थिंग बघून घ्या आधी, ओल्या हातानं बटण दाबलंत हे वाचूनच मला घाम फुटला.

मारवा_माणूस :
कान चुकला म्हणणं सोपं आहे हो.

वायरमन_बी_ई :
थांबा. पात्यांचा आवाज वेगळा असतो, घूं तोच. ताई, आत पाती किती आहेत? जाळीतून मोजा. बंद करून मोजा.

डब्बा_गुल :
शहागंजात नक्की कुठल्या बाजूला? घड्याळाच्या की भाजीच्या?

गच्चीवरची :
तीन.

वायरमन_बी_ई :
अशा मोटारी मिनिटाला साधारण 1400 फेरे घेतात. तीन पाती म्हणजे 4200 फटके, भागिले 60. 70 हर्ट्झ. काळी एक 69.3 ला असते, आत्ता शोधलं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की फेरे 1300 वर येणार, म्हणजे 65. पांढरी एक 65.4.

माफ करा काकांना सांगा.

मारवा_माणूस :
तीनच पाती. वा.

जालन्याचा_केसर :
आमच्या प्लास्टिकच्या कूलरला पाच हायेत, तो कुठला राग म्हणायचा?

परभणीकर :
तो भांडण.

गच्चीवरची :
@वायरमन आई ऐकत होती मी मोठ्यानं वाचलं ते. म्हणाली, मग चार बादल्या वसूल.
थांबा, नळाला हवा सुटली. पाणी आलं. आठवड्यानं आलंय, टाकी लावून येते.

डब्बा_गुल :
बरं घड्याळाच्या बाजूला जातो मी. कुणाला आणायचा का वाळा?

घाटातला_चपलावाला :
मला एक गड्डी. आणि येताना टरबूज ठोकून बघून आणा, मागचं पांढरं निघालं.