कौंटी मेयोला शिफ्ट होतोय, शहरात घर घ्यावं की समुद्राकाठच्या गावात?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो कौंटीत राहणारं कोणी आहे का इथे? मिस्टरांना कॅसलबारच्या हॉस्पिटलमध्ये पोस्ट मिळालीय, नोव्हेंबरमध्ये जॉइन व्हायचंय आणि आम्ही सध्या डब्लिनला. माझं वर्क फ्रॉम होम आहे पण महिन्यातून एकदा डब्लिनच्या ऑफिसात तोंड दाखवावं लागतं. लेक सहा वर्षांची. कॅसलबारमध्ये भाड्याची घरं फारशी दिसतच नाहीयेत, जी येतात ती लगेच जातात, वेस्टपोर्टला आहेत पण भाडी बघून पोटात गोळा येतो, आणि एक घर सापडलंय मलरॅनीच्या थोडं पुढे, खिडकीतून सरळ क्लू बेचा समुद्र दिसतो, भाडंही बजेटमधलं. ह्यांचं म्हणणं, शहरात राहून कंटाळलो, आता गावातच राहू. मलाही आवडेल खरं तर, पण मी गाडी चालवत नाही आणि ह्यांच्याकडे इंडियन लायसन्स आहे. नकाशावर तर न्यूपोर्ट, मलरॅनी, अ‍ॅकिल साउंड सगळं जवळजवळ दिसतं. कोणी राहून बघितलंय का? आणि बॅलिना कसं आहे? त्याबद्दल कोणी काही लिहीतच नाही.

पश्चिमवारा:
ताई, आम्ही कॅसलबारलाच राहतो आणि माझी बायको पण हॉस्पिटल लाइनमध्येच आहे म्हणून स्पष्ट लिहितो. पहिलं वर्ष कॅसलबार नाहीतर गाडीने वीस-पंचवीस मिनिटांच्या आतलं घर बघा.

मलरॅनी सुंदर आहे, यात वादच नाही. पण तिथून हॉस्पिटलला अर्ध्या तासाच्या वर लागतो आणि तोही दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर. तुम्ही येणार नोव्हेंबरमध्ये, तेव्हा पाच वाजायच्या आत अंधार, डिसेंबरात तर साडेचारच्या आत सूर्य गेलेला असतो. रस्त्याला दिवे नाहीत, बऱ्याच ठिकाणी फुटपाथ नाही, वर पाऊस आडवा येतो. मिस्टरांची नाइट असली की तुम्ही आणि लेक घरात, आणि दूध संपलं तर चालत जाऊन आणू असं होत नाही.

लायसन्सचं आधी बघा, प्लीज. इंडियन लायसन्स इथे एक्स्चेंज होत नाही. इथे राहायला आल्यापासून एक वर्ष त्यावर चालवता येतं, मग थिअरी टेस्ट, लर्नर परमिट, क्लासेस, ड्रायव्हिंग टेस्ट सगळं पहिल्यापासून. आणि लर्नर परमिटवर शेजारी फुल लायसन्सवाला माणूस बसलेला लागतो, म्हणजे वर्ष संपलं आणि टेस्ट झाली नसेल तर मलरॅनीहून रात्रीच्या ड्यूटीला एकट्याने जाता येणारच नाही. वर्ष डब्लिनला उतरलात तेव्हापासून धरायचं, नोव्हेंबरपासून नाही. इन्शुरन्स पण पहिल्या वर्षी चांगलाच महाग पडतो, तो भाड्यात धरून हिशोब करा मग स्वस्त घर तेवढं स्वस्त राहत नाही.

आणि नकाशावर गावाचं नाव दिसतं ते बघून फसायला होतं. एक चर्च, प्रायमरी शाळा, एक-दोन पब, पेट्रोल पंपाला लागून दुकान, झालं गाव. बाकीची घरं टाउनलँडमध्ये विखुरलेली, आपल्या कोकणात एकाच गावाच्या वाड्या डोंगराच्या कुशीत लांबलांब असतात ना, अगदी तसं. कित्येक घरांना नंबरच नाही. २०१५ साली आयरकोड आला तेव्हापासून प्रत्येक घराला वेगळा कोड आहे, कॅसलबारचा एफ२३ ने सुरू होतो, वेस्टपोर्टचा एफ२८ ने. तो पाठ करून ठेवा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर पत्ता म्हणून तोच सांगायचा असतो.

अजून एक. २४ जानेवारी २०२५ ला स्टॉर्म एओविन आलं तेव्हा शेजारच्या गॉलवेत मेस हेडला ताशी १८३ किमी वारा नोंदवला गेला आणि पश्चिमेकडच्या खेड्यापाड्यांत कितीतरी दिवस लाइट नव्हती. ज्यांचं पाणी स्वतःच्या विहिरीचं त्यांचा पंपच बंद, म्हणजे लाइट गेली की पाणीही गेलं. गावात घर घेणार असाल तर पाणी कुठून येतं आणि लाइट गेल्यावर स्वयंपाक कशावर करायचा हे मालकाला आधी विचारा.

वेस्टपोर्टला भाडं जास्त कारण ते टुरिस्टांचं, उन्हाळ्यात घरं सुट्टीवाल्यांना जातात. पण गाव देखणं, अठराव्या शतकात आखून वसवलेलं, मधून कॅरोबेग नदी वाहते, दोन्ही काठांना झाडं. २०२३ मध्ये नवा हायवे झाल्यापासून कॅसलबारला यायला फार वेळ लागत नाही. परवडत असेल तर वाईट नाही.

मोयकाठची:
बॅलिनाबद्दल कोणी लिहीत नाही हे अगदी खरंय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, सगळे उठतात ते वेस्टपोर्टला जातात. कॅसलबारची लोकसंख्या १३ हजारांच्या आसपास, बॅलिनाची साडेदहा हजार, वेस्टपोर्ट सातच्या आत, म्हणजे बॅलिना काही लहान नाही, आणि भाडी वेस्टपोर्टपेक्षा कमी. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांचा जन्म इथलाच. जो बायडेन यांचे पूर्वजही इथलेच, २०२३ च्या एप्रिलमध्ये ते आले तेव्हा कॅथेड्रलसमोर नदीकाठी त्यांचं भाषण झालं.

पण मला खरं आवडतं ते मोय नदीचं. पुलाच्या वरच्या अंगाला रिज पूल (इथे पूल म्हणजे डोह) म्हणून पट्टा आहे, सॅमन मासेमारीसाठी प्रसिद्ध. सीझनला भर गावात, एका बाजूला गाड्या आणि दुकानं, आणि पाण्यात कमरेपर्यंत रबरी पँट घातलेली माणसं शांतपणे गळ फेकत उभी. पुलावर येणारी-जाणारी लोकं थांबून बघतात, काही लागलं का विचारतात. माझ्या तशाच ओळखी झाल्या बघा.

हॉस्पिटलला जायला बॅलिनाहून अर्धा-पाऊण तास धरा, रस्ता बरा आहे. डब्लिनसाठी मात्र कॅसलबार सोयीचं, वेस्टपोर्टहून सुटणारी ट्रेन कॅसलबारवरून थेट डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनला जाते, तीन तासांच्या आसपास. बॅलिनाहून छोटी ट्रेन मनुला जंक्शनला येते आणि तिथे बदलायची. त्या स्टेशनात बाहेरून चढता-उतरता येत नाही, फक्त गाडी बदलायला म्हणून चालू ठेवलंय, चहूकडे शेतं. महिन्यातून एकदाच असेल तर काही त्रास नाही.

आणि राहायला कुठेही गेलात तरी बॅलिनाच्या उत्तरेचा किनारा चुकवू नका. किलालात गोल दगडी मनोरा आहे, जवळच किलकमिनला १७९८ मध्ये जनरल अंबेरचं फ्रेंच सैन्य इंग्रजांविरुद्ध लढायला उतरलं आणि कॅसलबारला इंग्रजांना पळवून लावलं. पुढे बॅलीकॅसल, डाउनपॅट्रिक हेडचा समुद्रात सुटा उभा राहिलेला कडा, आणि मग केजे फील्ड्स. १९३० च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड नावाचे शाळामास्तर बॉगमध्ये (दलदलीच्या जमिनीत) चुलीसाठी टर्फ, म्हणजे जळणाची माती, कापत होते, तेव्हा खाली खोल दगड लागायचे, आणि ते ओळीत लागायचे. बॉग साठायच्या आधीचे दगड आहेत म्हणजे कोणीतरी माणसांनीच रचलेत हे त्यांनी ओळखलं. त्यांचा मुलगा शेमस पुढे आर्किऑलॉजिस्ट झाला आणि लोखंडी सळया बॉगमध्ये खुपसत खुपसत, जिथे दगड लागेल तिथे खूण करत, त्या भिंतींचा नकाशा केला. शेतांचे बांध निघाले, ५ हजार वर्षांहून जुने! लेकीला नक्की न्या, गाइड तिच्या हातात सळई देतात, मऊ मऊ आत जाते आणि मग टक्कन दगड लागतो, तो हाताला जाणवतो.

सांगली_ते_एरिस:
मी बेलमुलेटच्या बाजूला राहतो, एकदम वायव्य टोक. नोकरी कॅसलबारला असेल तर इथे राहा असं मी पण म्हणणार नाही, जायला सव्वा तास आणि यायला सव्वा तास. पश्चिमवारा दादांनी सांगितलं त्याच्याशी सहमत, फक्त एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय.

ही गावं विखुरलेली आणि रिकामी का दिसतात ते समजून घेऊन फिरा. १८४१ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या ३,८८,८८७ होती. २०२२ मध्ये १,३७,९७०. मधे बटाट्याचा दुष्काळ आला, माणसं मेली, जी राहिली ती बोटीत बसून गेली आणि पुढे शंभर वर्षं जातच राहिली. अ‍ॅकिलला कीमचा बीच बघायला सगळे जातात, निळं पाणी, फोटो, ठीक आहे, पण त्याच बेटावर स्लीवमोर डोंगराच्या पायथ्याशी ऐंशी-शंभर दगडी घरांची रांग आहे, छपरं नाहीत, नुसत्या भिंती आणि आत मेंढ्या चरतायत. तिथे पण जा.

आणि लुईसबर्गहून लीनानकडे जाणारा डूलॉक खोऱ्यातला रस्ता. १८४९ च्या मार्चअखेरीस लुईसबर्गला उपाशी माणसं जमली, मदत द्यायची की नाही हे तपासायला आलेले अधिकारी डेल्फी लॉजला निघून गेले आणि सकाळी तिथे हजर व्हा असं सांगितलं. मुलाबाळांसकट माणसं थंडीत, वाऱ्यात चालत गेली, तिथे काहीच मिळालं नाही आणि परतीच्या वाटेवर मरून पडली. तळ्याकाठी साधा दगडी क्रॉस उभा केलाय. त्यावर गांधीजींचं वाक्य कोरलंय, दुसऱ्या माणसाला अपमानित करून कुणाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखा कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. इतक्या लांब, जिथे मैलभर घर नाही, तिथे आपल्या माणसाचं नाव वाचलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. डेस्मंड टुटूसुद्धा १९९१ मध्ये तो रस्ता चालून गेलेत.

आमच्या एरिस भागातही या उन्हाळ्यात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. ब्लॅकसॉडचं दीपगृह बघा, १९४४ च्या जूनमध्ये तिथल्या पोस्टात काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅव्हिन यांनी बॅरोमीटर वाचून पाठवलेल्या हवामानाच्या नोंदीमुळे डी-डे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याचं नॉर्मंडीत उतरणं, एक दिवस पुढे ढकललं गेलं. एकवीस वर्षांची मुलगी, आणि ती नोंद कोणाच्या कामी आली हे तिला तेव्हा कोणी सांगितलंही नव्हतं.

गोदाकाठ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. लर्नर परमिटवर सोबत माणूस लागतो हे ह्यांना दाखवलं तर एकदम गप्प झाले. मलरॅनीचं घर सोडतोय. कॅसलबारला एक आणि बॅलिनाला एक, अशी दोन व्ह्यूइंग मिळालीयत पुढच्या आठवड्यात. लेकीच्या शाळेचं काय? आणि आपला किराणा?

पश्चिमवारा:
कॅसलबारला एज्युकेट टुगेदरची शाळा आहे, ती कुठल्या धर्माच्या अखत्यारीत नाही. बाकीच्या बहुतेक शाळा कॅथलिक, पण चांगल्या आहेत, आमचा मुलगा तशाच शाळेत जातो, प्रार्थनेच्या वेळी त्याला चित्रं काढायला बसवतात. आयरिश भाषा सगळीकडे असतेच, सहा वर्षांची पोर पटकन उचलेल. घराची वाट बघत बसू नका, आत्ताच दोन-तीन शाळांना फोन करून तिच्या वयाच्या वर्गात जागा आहे का विचारा.

किराण्याची चिंता नको, डाळ-तांदूळ-आटा सुपरमार्केटमध्ये पण मिळतो. मटणासाठी बॅलीहॉनिसला चक्कर मारा, तिथे हलाल मीटचा मोठा कारखाना आहे आणि मशीदही. छोटंसं गाव, पण २०१६ च्या जनगणनेत परदेशी नागरिकांचं प्रमाण तिथे देशात सगळ्यात जास्त होतं, ३९.५ टक्के.

मोयकाठची:
व्ह्यूइंगला जाल तेव्हा बीईआर रेटिंग (घराला ऊर्जा किती लागते त्याची श्रेणी) विचारा, ई-एफ-जी असेल तर हिवाळ्यात हीटिंगचं बिल डोळे पांढरे करेल. केरोसीनची टाकी असेल तर झाकण उघडून किती तेल आहे ते बघा आणि ते कोणाच्या पैशाचं हे तिथेच ठरवून घ्या. कपाटं भिंतीपासून पुढे ओढून मागे ओल आहे का तेही बघा, लाजू नका. बॅलिनाच्या घराचा एरिया मला मेसेज करा, मी संध्याकाळी जाऊन बाहेरून बघून येते.