नवीन प्लेअरची पहिली जादूची वस्तू कुणी निवडायची, डीएमने की तिने स्वतः?

विसाचा_फासा:

आमचा ग्रुप पुण्यात दीड वर्षं दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा आपापलं पात्र घेऊन, फासे टाकून गोष्ट खेळायचा गेम खेळतोय, पाचवी एडिशन, २०१४ चे नियम, चार प्लेअर आणि मी डीएम (डंजन मास्टर, गोष्ट आणि राक्षस चालवणारा). मध्यंतरी माझी आतेबहीण नोकरीसाठी पुण्यात आली आणि आमच्यात सामील झाली, असला गेम ती आयुष्यात पहिल्यांदा खेळतीये. बाकी सगळे पाचव्या लेव्हलला आहेत म्हणून तिलाही पाचव्या लेव्हलची फायटर (लढवय्या पात्र) करून दिली. पण बाकीच्यांकडे दीड वर्षात जमलेलं सामान आहे, पॅलाडिनकडे पेटणारी तलवार, विझर्डकडे मॅजिक मिसाइलची कांडी, आणि हिचे हात रिकामे. म्हणून मी तिला पुस्तक दिलं आणि म्हटलं, अनकॉमन, म्हणजे फार दुर्मिळ नसलेल्या वस्तूंमधलं तुला आवडेल ते एक घे.

इथेच चुकलं असं माझं मत झालंय. तिने दोन संध्याकाळी ती यादी वाचण्यात घालवल्या, अर्ध्या वस्तू कशासाठी असतात तेच तिला कळेना (कसं कळणार, खेळलेलीच नाहीये), शेवटी नेटवर फायटरला बेस्ट काय ते शोधून गॉन्टलेट्स ऑफ ओगर पॉवर (राक्षसी ताकद देणारे हातमोजे) घेतले. स्ट्रेंथ १६ ची १९ झाली, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा +३ चा +४ झाला, मी तिच्या पात्राच्या शीटवर खोडून नवे आकडे लिहून दिले आणि विषय संपला. तिसऱ्या सेशनला विझर्डने कांडी बाहेर काढली तेव्हा ती मला हळूच विचारते, "दादा, माझ्याकडे जादूचं काय आहे रे?"

मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी म्हणतोय की नवीन माणसाची पहिली वस्तू डीएमनेच निवडावी, एकच द्यावी, आणि ती काहीतरी करणारी हवी, आकडा वाढवणारी नको. आकडा शीटमध्ये विरघळून जातो. हिशोब करा, +१ मुळे वीस वेळा फासा टाकल्यावर सरासरी एकदा हुकणारा वार लागतो. पाचव्या लेव्हलच्या फायटरला राउंडला दोन वार, लढाई चारेक राउंड चालते, म्हणजे आठ वार, म्हणजे अडीच लढायांत एकदा. आणि तेव्हाही तिला कळत नाही की हा वार हातमोज्यांमुळे लागला. त्याउलट इमूव्हेबल रॉड घ्या. बटण दाबलं की दांडा हवेत जिथे असेल तिथे रोवला जातो, ८००० पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त वजन पेलतो. एका वाक्यात कळतं. दाराला अडसर घाला, दरीत लटका, राक्षसाच्या जबड्यात आडवा घाला. अटूनमेंट (वस्तूशी आधी जुळवून घेणं) नाही, चार्जेस (किती वेळा वापरता येईल ते) मोजणं नाही.

पुढच्या रविवारी हातमोजे काढून घेऊन तिला रॉड द्यावा असं डोक्यात आहे. विरोधात मत असेल तर जरूर लिहा, मला खरंच ऐकायचंय.

घुबड:

माझा पूर्ण विरोध. मला पहिल्या कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला) नेमका हाच रॉड मिळाला होता आणि तो मी आठ महिन्यांत एकदाही वापरला नाही. का, तर तो देताना डीएम म्हणाला की हा क्रिएटिव्ह लोकांचा आयटम आहे. मग प्रत्येक बंद दारापाशी, प्रत्येक कड्यापाशी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, आता हा काय करतो बघू. मी मुळातच गप्प माणूस, त्यात मला अजून कुठला फासा कधी टाकायचा तेच पाठ नव्हतं, वरून ही परीक्षा. मला त्या वेळी फक्त जोरात लागणारी तलवार हवी होती. जोरात वार बसला, डीएमने राक्षस कसा कोसळला ते सांगितलं, टेबलावर आरडाओरडा झाला, नवीन माणसाला यातच केवढा आनंद असतो हे तुम्ही जुने लोक विसरता. ज्याला वीस पर्याय माहीत आहेत त्याला एकविसावा हवासा वाटतो, ज्याला दोनच माहीत आहेत त्याला ते दोन नीट जमायला हवे असतात.

आणि दिलेली वस्तू काढून घेणार? तिने दोन संध्याकाळी घालवून निवडलीये ती. तिला विचारलंत का?

चिंचगूळ:

मी न्यू जर्सीत आहे, घरी माझी दोन मुलं आणि शेजारची तीन अशा पाच जणांना घेऊन खेळते, नऊ ते तेरा वयाची, सगळी मराठी घरांतली. विसाचा_फासा यांचं मला पटतं, पण घुबड म्हणतायत तो ताणही मी पाहिलाय, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर सांगते. सगळ्यात लहान मुलाला मी डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर दिला, कधी न संपणारा पाण्याचा चंबू. त्याला तीन आज्ञा असतात, एकीने एक गॅलन पाणी पडतं, दुसरीने पाच, तिसरीने ३० गॅलन, म्हणजे शंभर लिटरच्या वर, एवढ्या जोरात सुटतं की समोरचा आडवा होऊ शकतो. पुस्तकात त्या आज्ञा इंग्लिशमध्ये आहेत. मी मुलाला म्हटलं, तुझ्या चंब्याला मराठीच कळतं, शब्द तू ठरव. त्याने थेंब, धार आणि धबधबा ठरवले. त्या दिवसापासून तो मुलगा बदलला हो, एरवी त्याची टर्न आली की मोठ्या भावाकडे बघायचा, आता उभा राहून धबधबा म्हणून ओरडतो आणि बाकीचे चौघं खुर्च्या मागे सरकवतात.

माझं म्हणणं इतकंच की रॉडमध्ये काय करायचं ते आधी सुचावं लागतं, चंब्यात सुचायला काही नाही, शब्द उच्चारला की काहीतरी घडतंच. नवीन माणसाला अशी वस्तू द्या जी नुसती वापरली तरी घडते आणि डोकं लावलं तर आणखी घडते.

शिळाभात:

कुणीच निवडू नये. काहीच देऊ नये. ज्याला लेव्हल वरची मिळाली त्याला सामानही आयतं मिळालं पाहिजे हे आलं कुठून? २०१४ च्या डीएमच्या पुस्तकातला तक्ता उघडून बघा, ५ ते १० लेव्हलला नव्याने सुरू करणाऱ्याला नेहमीचं सामान, ५०० सोन्याची नाणी आणि वर दहा बाजूंचा फासा टाकून येईल त्याच्या २५ पट नाणी, बस. एक अनकॉमन वस्तू मिळते ती फक्त हाय मॅजिक (जादू मुबलक असलेल्या) कॅम्पेनमध्ये. हा गेम जादूच्या वस्तूंशिवाय चालेल असाच बांधलाय, तिसऱ्या आणि चौथ्या एडिशनसारखं लेव्हलप्रमाणे ठरावीक सामान इथे गृहीत धरलेलं नाही. तुमच्या पॅलाडिनला ती तलवार कुठे मिळाली हे त्याला आजही आठवत असेल, कुठल्या गुहेत, कोण मरता मरता वाचलं, सगळं. तुमच्या बहिणीला काय आठवणार, पुस्तकाचं पान? म्हणूनच ती विसरली. आकडा होता म्हणून नाही विसरली, मिळवलेली नव्हती म्हणून विसरली.

विसाचा_फासा:

@शिळाभात, शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं, त्यात तथ्य आहे. पण बाकीचं नाही पटत. तक्ता मला माहितीये, पण तक्ता लिहिणाऱ्याला माझं टेबल माहीत नाही. चार जणांकडे दोन-दोन वस्तू असताना पाचवी व्यक्ती हात हलवत बसते, ते रविवारी दुपारी समोर बघायला फार जड जातं. गेम वस्तूंशिवाय चालतो हे सगळ्यांकडेच नसतील तेव्हा खरं.

@घुबड, विचारलं नाही. विचारतो.

पोपटी:

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. विसाचा_फासा, तुम्ही २०१४ चे नियम वापरता ना, मग तिची तलवार साधी आहे का जादूची? कारण पाचव्या लेव्हलपासून वाइट (उठून चालणारं योद्ध्याचं प्रेत), गार्गॉइल (दगडी राक्षस) असले प्राणी यायला लागतात आणि साध्या शस्त्राने त्यांना निम्माच डॅमेज (इजा) होतो. नवीन मुलगी, फासा १८, वार लागला, ११ डॅमेज, आणि डीएम म्हणतो ५ लिही. दर वेळी. बाकीच्यांचं तसं होत नाही. याच्याएवढं नाउमेद करणारं काही नाही, मी हे टेबलावर बघितलंय, पोरगी दोन सेशननंतर यायचीच बंद झाली.

२०२४ च्या नव्या नियमांबरोबर आलेल्या प्राण्यांमधून हा प्रकार जवळजवळ काढून टाकलाय, पण तुम्ही जुन्यावर आहात. तेव्हा आधी शस्त्र. त्यासाठी +१ चीच लागते असंही नाही, मून टच्ड सोर्ड बघा, रॅरिटी (दुर्मिळता) कॉमन, अटूनमेंट नाही, अंधारात उपसली की चांदण्यासारखा उजेड पडतो, १५ फूट लख्ख आणि पुढे १५ फूट मंद. आकडा एकही वाढत नाही पण शस्त्र जादूचं धरलं जातं. तुमची बहीण माणूस जातीची फायटर असेल तर तिला अंधारात दिसत नसणार, म्हणजे मशाल धरायचा हात मोकळा झाला, ढाल धरता येते.

शिळाभात:

वाइटसाठी चांदी चालते. तलवारीला चांदी चढवायला १०० नाणी लागतात आणि तक्त्याप्रमाणे तिच्याकडे ५०० च्या वर आहेत.

पोपटी:

गार्गॉइलला चांदी चालत नाही, अ‍ॅडमंटाइन नावाचा कठीण धातू लागतो किंवा जादू. आणि मला सांगा, पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलीला कुठून माहीत असणार की चांदी चढवून घ्यायची असते?

शिळाभात:

गावातला लोहार सांगेल ना! तेच तर खेळणं. लोहाराला स्मशानातल्या प्रेतांची भीती वाटते, तो म्हणतो ताई असं पातं घेऊन नका जाऊ तिकडे. झाला एक सीन. तुम्ही सगळे पुस्तकातून वस्तू काढून तिच्या हातात ठेवायला निघालात, मी म्हणतोय गोष्टीतून येऊ द्या.

घुबड:

हे मात्र मला पटतंय, बाकीचं नाही. पण "गोष्टीतून" म्हणजे दोन महिन्यांनी नको, पहिल्याच सेशनला. आणि निवड तिचीच. पूर्ण पुस्तक देणं चूक होतं हे मान्य, शंभर पदार्थांचं मेनूकार्ड भूक मारतं, पण म्हणून हातातून कार्डच काढून घ्यायचं? तीनच वस्तू समोर ठेवा, नाव नको, आकडा नको, फक्त दिसतं कसं आणि होतं काय. एक मारणारी, एक वाचवणारी, एक उद्योगी. ज्याच्याकडे हात जाईल ते तिचं. मला असं दिलं असतं तर मी तलवार उचलली असती आणि आठ महिने सुखाने खेळलो असतो.

चिंचगूळ:

फक्त त्या तिनांत उडणारा झाडू ठेवू नका. पुस्तकात तोही अनकॉमन आणि पाण्याखाली श्वास घ्यायची टोपीही अनकॉमन, त्या रॅरिटीवर विसंबू नका. आमच्याकडे झाडू आल्यावर खंदक, भिंत, दरी सगळं संपलं आणि बाकीची चार मुलं खाली उभी राहून वर बघत बसली. शापित वस्तू तर नवीन माणसाला कधीच नको, आयडेंटिफाय या वस्तू ओळखायच्या मंत्रानेसुद्धा शाप कळत नाही, त्याला वाटतं आपलंच चुकलं.

विसाचा_फासा:

काल तिच्याशी बोललो. हातमोजे बदलून देऊ का विचारलं तर म्हणाली, अजिबात नको, माझे आहेत ते. मग म्हणाली, "पण ते घातल्यावर मला काय येतं ते तू कधी सांगितलंच नाहीस."

खरं आहे, मी फक्त +४ लिहून दिलं होतं. म्हणून आम्ही दोघांनी बसून नियम काढला. स्ट्रेंथ १९ म्हणजे १९ गुणिले ३० असं ५७० पौंड उचलता किंवा ओढता येतं, अडीचशे किलोच्या वर. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग विचारते, आपला रोग (आमचं चोराचं पात्र) हाफलिंग (बुटक्या जातीचा) आहे ना, त्याचं वजन किती. म्हटलं चाळीसेक पौंड, वर सामान. म्हणाली मग मी त्याला भिंतीवरून पलीकडे फेकू शकते का?

तेव्हा आकडा विरघळतो असं मी वर लिहिलंय ते अर्धंच बरोबर होतं, विरघळला कारण मी त्याला आकडाच ठेवला. हातमोजे राहतायत. पोपटी म्हणतायत ती चांदण्याची तलवार रविवारी थडग्यात ठेवतोय, शोधली तर मिळेल.

शिळाभात:

थडग्याची राखण कोण करतंय तेवढं नीट बघा, फुकट नको. आणि फेकायला काय रोल ठेवणार?

विसाचा_फासा:

दोन वाइट. फेकायला तिचं अ‍ॅथलेटिक्स, डीसी १५ (फासा धरून १५ तरी यायला हवेत), चुकलं तर रोग भिंतीवर आदळून खाली, दर दहा फुटांना एका सहाच्या फाशाएवढा डॅमेज. रोगला आत्ताच विचारलं, तो तयार आहे.