मदत हवी आहे: हा पक्षी थिरथिरा की चीरक?

राजेहो, जरा मदत करा. सध्या नागपुरात आभाळ भरून आलंय, उन्हाचा पत्ता नाही आणि गारठा वेगळाच. अंबाझरी तलावाजवळ राहतो, म्हणून पक्षी बघायचा नाद लागलाय.

आमच्या कुंपणाच्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी येतो. अंग मातकट, शेपटी विटकरी. बसला की शेपटी सारखी थरथरवतो, खाली उडी मारून किडा उचलतो आणि परत भिंतीवर. मला ती कृष्ण थिरथिऱ्याची मादी वाटते. शेजारचे काका छातीठोकपणे सांगतात, चीरक. (काकांना सगळंच चीरक दिसतं.) चीरकाची शेपटी गडद आणि उभारलेली असते ना? विटकरी रंग फक्त बुडाशी, बरोबर?

तलावावर आणखी पंचाईत. नारिंगी चक्रवाक कळतात, बाकी बदकं या उजेडात नुसती काळी दिसतात. दुर्बीण घ्यायची आहे. १०×४२ (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) मध्ये पक्षी मोठा दिसेल, पण अंधुक उजेडात ८×४२ उजळ दिसते म्हणतात. ढगाळ सकाळी वापरलेल्यांनी सांगा, कोणती घेऊ? आणि अशा हवेत गोरेवाड्याकडे (नागपुरातलाच तलाव आणि जंगल) पक्षी बघायला किती वाजता गेलेलं बरं?